शहात्तर दिवस बिनफोडणीचे

...आणि वर मलाच विचारतात, "रत्ना, आज पण डाळ पांढरीच का?" आता पांढरी नाही तर काय लाल येईल? फोडणी नाही, भाजीत लसूण नाही, तेलात मोहरी तडतडलेली ऐकून आज एकेचाळीस दिवस झाले या घरात, आणि कोणामुळे, तर माशामुळे. माणसाच्या घरात माशामुळे फोडणी बंद, असं कुठं ऐकलंय का तुम्ही? बरं, मासा पण आपल्या तापीतला नाही हो. समुद्रातला. आमच्या रावेरात घराबाहेर पाय टाकला की इकडं केळी, तिकडं केळी, मागं सातपुडा, आणि रस्त्यात उभे केळीचे ट्रक. समुद्र बघायचा म्हटलं तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. समुद्र कुठं आणि रावेर कुठं. पण तो आमच्या हॉलमध्ये आहे. सोफ्याशेजारी, चार फूट लांब, वर निळी लाइट.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय.

मुक्ता माझी मुलगी, पाच वर्षांची. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा सासूबाईंनी मुक्ताईला नवस बोलला, म्हणून मुक्ता. मागच्या दिवाळीआधी तिला डेंग्यू झाला. सहा दिवस जळगावला दवाखान्यात, हाताला सुई, आणि मी उशाशी बसून सलाइनचे थेंब मोजतेय. बरी झाली, मुक्ताईची कृपा, पण जेवण सुटलं ते सुटलंच. घास तोंडात घेते आणि गालात ठेवते. अर्धा तास ठेवते. माकडीण बरी. तेव्हापासून मी घास मोजायला लागले... हसू नका, वहीत लिहायचे, सकाळी तीन, दुपारी साडेतीन. हे विचारतात, "अर्धा घास कसा असतो?" अर्धा म्हणजे थुंकलेला. आईला विचारा अर्धा घास कसा असतो.

तर पुन्हा तपासायला जळगावला नेली, लहान मुलांच्या डॉक्टरांकडे, तिथं बसायच्या जागेत ही भली मोठी काचेची टाकी, आत नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. मुक्तानं काचेला नाक लावलं. मी मागून पोळीचा तुकडा तोंडात दिला, गिळला. दुसरा दिला, गिळला. अख्खी पोळी गेली, तुम्हाला सांगते, अख्खी पोळी, आणि मी तिथंच रडायला लागले, नंबर आला तरी उठेना. आमच्या ह्यांनी डॉक्टरांना पोरीच्या वजनाचं विचारलं नाही, टाकी कुठून घेतली ते विचारलं.

मी म्हटलं, अहो, साधे लाल मासे आणा, पिशवीत मिळतात, साध्या पाण्यात राहतात. नाही. "पोरगी जे पाहून जेवली तेच आणायचं." ह्यांचं असंच, हितेंद्र पाटलांनी एकदा ठरवलं की ठरवलं, बाकी केळीचं रोप असो नाहीतर बायको. मग सुरतेचा दुकानवाला शोधला, रुपचंदभाऊ, मूळचा आपल्या साक्रीकडचा, तिकडं माशांचा धंदा करतो. टाकी आली, मशीन आलं, दगड आले, होय, दगड पण समुद्रातले, सातपुड्यात काय दगड कमी होते? आणि बादली आली मिठाची. घरातलं मीठ चालत नाही म्हणे. सासूबाई बघत उभ्या. म्हणाल्या, "वरणात चिमूटभर जास्त पडलं तर हा ताट सरकोते, अन् पाण्यात बादलीभर मीठ ओतते. कोणाच्या नशिबी काय असते, व माय."

पण खोटं का बोलू, मुक्ता जेवायला लागली. दोन नारंगी मासे, त्यांची नावं तिनंच ठेवली, बर्फी आणि जिलबी. आणि एक लाल पट्ट्याची कोळंबी, ती माशांच्या अंगावर बसून त्यांचं तोंड-बिंड साफ करते, तिचं नाव पार्लरवाली. मुक्ता काचेसमोर पाटावर बसायची आणि पंधरा घास. पंधरा! मी वही मिटून देवघरात ठेवली. म्हटलं, समुद्र कुठं आणि रावेर कुठं, पण आला बिचारा एवढ्या लांबून, राहू दे.

तिथंच माझं चुकलं. बाईनं सुखानं वही मिटू नये.

मुक्ताचा वाढदिवस आला आणि ह्यांनी सुरतेहून निळा मासा आणला. शाईसारखा निळा, म्हणून नाव शाई. रुपचंदभाऊंनी सांगितलं होतं, नवा मासा आणला की आधी वेगळ्या टबात ठेवा, महिनाभर बघा, मग टाकीत सोडा. सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं, मी फोनवर शेजारी उभी होते. हे काय म्हणतात, "पोरीचा वाढदिवस आणि पाहुणा काय अंगणात बसवायचा?" पिशवी पाण्यात ठेवली थोडा वेळ, कापली, सोडला. टाळ्या. केक.

आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, मी काच पुसतेय तर शाईच्या अंगावर पांढरे ठिपके. रवा चिकटल्यासारखे. मला वाटलं लाइटचं काही असेल. लाइट बंद केली, आहेतच. दुपारी जिलबीच्या कल्ल्याजवळ दोन. डेंग्यूच्या वेळी मुक्ताच्या हातावर पहिला ठिपका दिसला होता ना, तशीच मी बोटानं ठिपके मोजायला लागले. तेवढ्यात सासूबाई आल्या, चष्मा कपाळावर, तो खाली घेतला, काचेला नाक लावलं.

"रत्ना. हे पाह्य. याच्या अंगावर माता आली."

"आई, माशाला माता येते का?"

"काहून नाही येणार? अंग नाही का त्याले?"

मी सातवी शिकलेली, पुस्तकात माशाच्या मातेचा धडा नव्हता, पण नाही येत असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडं घरात कोणाला कांजण्या निघाल्या की माता आली म्हणतात, आणि मग तिचे नियम. दाराला कडुनिंबाचा डगळा. बाहेरच्यानं आत यायचं नाही. आजाऱ्याचं ताट-तांब्या वेगळं. आणि घरात लसूण नाही, फोडणी द्यायची नाही, तेलाचा चटका बसला की मातेला राग येतो. सासूबाईंनी तासाभरात सगळं लावलं. शेजारच्या प्रमिलाबाई दही मागायला आल्या, दाराला निंब बघून फाटकातच थबकल्या. "अग बाई, मुक्ताला आली का?" म्हटलं, नाही, माशाला. त्या दही न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मला विचारत होती, बरं आहे ना तुझं?

मी ह्यांना म्हणतेय, रुपचंदभाऊंना फोन लावा. नाही. "केळीवर असे डाग मी लाख पाहिलेत. पान कापलं की झालं." म्हटलं, माशाचं काय कापायचं? त्यावर म्हणे, बघू दोन दिवस.

आणि चौथ्या दिवशी काय, ठिपके गायब. एकसुद्धा नाही. शाई लख्ख, जिलबी लख्ख. सासूबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, माता निघाली म्हणाल्या, निंब काढला. हे छाती काढून, "बघितलं? म्हटलं होतं ना." आणि मी... मी काय केलं असेल? चार दिवसांची तोंडाची चव गेलेली, लेकरू जेवतंय, मासा बरा. शेवभाजी केली. लसूण, काळा मसाला, वर बोटभर तेलाचा तवंग, फोडणी अशी बसली की प्रमिलाबाई भिंतीपलीकडं शिंकल्या. आठवडाभर झणझणीत खाल्लं आम्ही. एक दिवस भरीत, एक दिवस शेवभाजी.

पुढच्या रविवारी सकाळी काचेपाशी गेले तर मासे कुठं आहेत तेच कळेना, इतके पांढरे. जिलबी कोपऱ्यात दगडाला अंग घासतेय, कल्ले धाप लागल्यासारखे हलताहेत. खाणं टाकलं तर तोंडापुढून खाली गेलं, तिनं बघितलंसुद्धा नाही. आणि मागं पाटावर बसलेली मुक्ता म्हणते, "जिलबी जेवत नाही. मग मी पण नाही."

मी वही काढली देवघरातून. सकाळी, शून्य. दुपारी, एक. तोही गालात.

सासूबाई पदरानं तोंड झाकून माझ्याकडं असं बघत होत्या जसं मीच ठिपके चिकटवलेत. "फोडणी कोणी दिली व? माता अजून घरातून गेली नव्हती, तू तेल कडकावलं." आता सांगा. शेवभाजी खाताना दोनदा रस्सा कोणी मागितला होता?

मग मी ह्यांच्या खिशातून फोन काढला आणि स्वतः लावला. रुपचंदभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "वहिनी, तो रोग गयेल नव्हताच. तो खाले पडेल व्हता. त्याना पोरे व्हयनात आते, एकना शंभर."

म्हणजे असं आहे बघा, मला पण तीनदा विचारल्यावर समजलं. हा एक किडा असतो, डोळ्याला न दिसणारा. माशाच्या कातडीत घुसतो, तीन-चार दिवस रक्त-मांस खातो, पोट भरलं की गळून खाली दगडात, रेतीत जाऊन बसतो. आपण म्हणतो, बरा झाला. तो तिथं शेकडो पिल्लं काढतो, ती पोहत वर येतात आणि मासा शोधतात. म्हणजे मी ज्या दिवशी शेवभाजी केली त्या दिवशी खाली बाळंतपण चाललं होतं, आणि आम्ही वर बसून जेवत होतो. "मग करायचं काय भाऊ?"

"बठ्ठा मासा काढी ल्या. वेगळा टबमा ठेवा, मी तांबानं औषध धाडस, ते टबमाच टाका, टाकीमा एक थेंब नका. आनि टाकी शहात्तर दिन रिकामी. मासा भेटना नही का तो किडा उपाशी मरस. नवा मासा वेगळा ठेवा, सांगेल व्हतं ना मी भाऊले?"

म्हणजे सगळे मासे बाहेर, औषध ते पाठवणार, आणि टाकी रिकामी शहात्तर दिवस. किडा उपाशी मरायला पाहिजे, मासा उपाशी मरायला नको, आणि माझी पोरगी माशाकडं बघून उपाशी. तीन ठिकाणचं उपाशी एकाच बाईनं सांभाळायचं.

फोन ठेवला आणि ह्यांच्याकडं वळले. म्हटलं, एक सांगा. टिश्यूचं, म्हणजे लॅबमधलं केळीचं रोप आलं की थेट वावरात लावता का? "नाही. आधी शेडमध्ये ठेवतो." का? "कमजोर असलं तर तिथंच कळतं." आणि बागेत एक झाड व्हायरसचं दिसलं तर? "मुळासकट काढून लांब पुरतो." मग केळीला जे कळतं ते माशाला का नाही कळलं? तर म्हणाले, "केळी धंदा आहे." म्हटलं, आणि पोरगी? एवढा मोठा माणूस, ट्रकवाल्यांना ओरडतो तर केळी पिकतील, पण उठला आणि जाळी शोधायला लागला.

मग मासे पकडायला लागले. समुद्रात कसे पकडत असतील देव जाणे, चार फुटांत आम्हाला दोन तास लागले. सगळे दगड बाहेर काढावे लागले, मग पुन्हा आत, आणि पार्लरवाली तिथंच ठेवली, तिला हा रोग लागत नाही म्हणे. टब म्हणून हे पॅकिंगवरचा केळी धुवायचा टब आणत होते, मी वास घेतला आणि फाटकातूनच परत पाठवला. मुक्ताच्या गोधड्या ठेवायचा प्लास्टिकचा नवा डबा रिकामा केला, त्यात तसंच खारं पाणी तयार केलं. ठेवायचा कुठं, तर सासूबाई म्हणाल्या माझ्या खोलीत, देवाजवळ, तिथं गार असतं. आणि बजावलं, "जाळी वेगळी, मग्गा वेगळा, हात धुतल्याबिगर इकडचा तिकडं नाही. मातेचं असंच असते." मी चमकलेच. रुपचंदभाऊ पण शब्दन् शब्द हेच सांगत होते. फक्त त्यांनी निंब सांगितला नव्हता.

औषध सुरतेहून यायला दोन दिवस. पहिल्या दुपारी मी दूध तापवतेय आणि हॉलमध्ये फार शांतता. शांतता असली की मला धडकी भरते, मूल शांत असलं की आणि नवरा शांत असला की. जाऊन बघते तर हे टाकीवर वाकलेले, हातात कागदाची पुडी, पुडीत निळं निळं. मोरचूद. वावरात फवारणीला असतो तो.

"अहो, काय करताय!"

"तांब्याचंच औषध म्हणाला ना रुपचंद? हेच ते. चिमूटभर टाकतो, खाली दगडातले पण मरतील. वर्षानुवर्षं केळीला देतोय, मेली का केळी?"

म्हटलं, केळी पोहते का?

पुडी त्यांच्या बोटांत, बोटं पाण्याच्या वर एक वीत, आणि खाली दगडावर पार्लरवाली मिशा हलवत बसलेली. तिला काय माहीत वर कोण उभंय. भाऊंनी फोनवर दोनदा सांगितलं होतं, तांबं कोळंबीला विष, एकदा दगडात मुरलं की निघता निघत नाही. मी हात धरला नाही, तुम्हाला सांगते, हात धरला असता तर पुडी सांडली असती. मी हळू म्हटलं, "मुक्ता बघतेय." ती दारात उभी होती खरंच. म्हणाली, "पप्पा, पार्लरवालीला पण सुई देणार?" ह्यांनी पुडी मिटली. वरच्या खिशात ठेवली. तो शर्ट मी तीनदा धुतला, खिसा अजून निळा आहे.

औषध आलं. बाटलीतून थेंब मोजून टाकायचे, एकदम नाही, दोन दिवसांत हळूहळू वाढवत, आणि रोज तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घ्या, त्यात दुसरे थेंब टाका, पाच मिनिटं थांबा, रंग येतो तो कार्डावरच्या रंगाशी जुळवा. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. हे नळी उन्हाकडं धरून म्हणतात, "निळं आहे." कार्डावर सहा निळे! म्हटलं, कोणतं निळं? "निळं म्हणजे निळं." आणा इकडं. ज्या बाईनं एका साडीच्या ब्लाउजसाठी जळगावच्या बाजारात अकरा दुकानं पालथी घातलीत तिला निळं शिकवता? तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला, चौथ्याकडं झुकलेला. अर्धा थेंब कमी. थेंबाचं मला कोणी सांगू नये, डेंग्यूत तापाचं औषध वजनावर मोजून दिलंय मी, घड्याळ लावून. त्या दिवसापासून औषध माझ्याकडं. वहीत एका बाजूला मुक्ता, एका बाजूला जिलबी.

ठिपके कमी होत होते. पण जिलबी खाईना. तीन दिवस. चार दिवस. पाचव्या दिवशी भर दुपारी लाइट गेली, हवेचा पंप बंद, इन्व्हर्टर हॉलच्या टाकीला लावलेला, तिथं मासे नाहीत आणि टबात मासे आहेत, अशी आमची अक्कल. वायर पुरेना. मग मी मग्ग्यानं पाणी वर उचलते आणि सोडते, उचलते आणि सोडते, हवा मिसळावी म्हणून. हात भरून आला तसा सासूबाईंनी मग्गा घेतला. त्या गळ्यात माळ घातलेल्या, ज्यांनी जन्मात मासळीच्या बाजारातून रस्ता काढला नाही, त्या माशाला पाणी घालताहेत आणि पुटपुटताहेत, "श्वास घे, माय, श्वास घे." दीड तास. मुक्ता भिंतीला टेकून बघत होती. सकाळी एक घास, दुपारी काही नाही. तिचे डोळे पुन्हा तसे दिसायला लागले होते, दवाखान्यातल्यासारखे मोठे. समुद्र कुठं आणि रावेर कुठं, आणि दोघांच्या मध्ये माझी पोरगी.

लाइट आल्या आल्या फोन लावला. भाऊ म्हणाले, "लसून ठेची त्याना रस खानाले लावा. रोग जावाव नही त्यानी, पन भूक लागस."

लसूण. आता मातेच्या घरात लसूण? मी दोन पाकळ्या पदरात लपवल्या, मागच्या ओट्यावर धुण्याच्या दगडावर ठेचल्या, चोरासारखी. पण लसूण लपतो का? इतके दिवस फोडणीला मुकलेल्या घरात? हे पॅकिंगच्या पावत्या टाकून नाक वर करून बाहेर आले, आणि त्यांच्यामागं सासूबाई. मी सरळ खोलीत गेले, रसात भिजवलेला एक कण टबात सोडला. तो खाली जायला लागला. जिलबी हलली नाही. मग हलली. मग वळली आणि गपकन् घेतला. आणि दुसरा. आणि बर्फीच्या तोंडचा तिसरा.

"जेवली," मुक्ता म्हणाली. "मला भात."

मी भात कालवला. दहा घास. अकरावा तिनं स्वतः उचलला. सासूबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि निकाल दिला, "औषध म्हणून लसूण चालते. माशाले. पण फोडणी शहात्तर दिवस नाही. मागच्या खेपेले घाई केली, या खेपेले नाही." रुपचंदभाऊंनी सांगितलेले शहात्तर दिवस त्यांनी माशावरून उचलले आणि सरळ आमच्या कढईवर ठेवले. आणि वाद कोण घालणार? तिन्ही मासे बरे झाले, एक ठिपका नाही, मुक्ताचं वजन वाढलं. आता सिद्ध करा बघू, औषधानं की पांढऱ्या डाळीनं.

तर असं चाललंय. हॉलमध्ये चार फुटांची टाकी, निळी लाइट, दगड, पाणी, मासे नाहीत, पार्लरवाली एकटीच बसलेली, गिऱ्हाईक नाही. पाहुणे तिच्यासमोर बसून विचारतात, मासे कुठंत? आणि आम्ही सगळे ताटं घेऊन सासूबाईंच्या खोलीत, गोधड्यांच्या डब्याभोवती. जिलबीला तर आता लसणाची सवयच लागलीय, बिनलसणाचं तोंडात घेऊन थुंकते. मी तेही लिहिते. अर्धा.

काल मी टबाजवळ बसून तिच्यासाठी दोन पाकळ्या ठेचत होते तर हे आपली डाळभाकरी घेऊन आले आणि मला चिकटून मांडी घालून बसले. म्हटलं, काय हो? म्हणाले, "काही नाही, तू ठेच. वासावर दोन घास जास्त जातात."

मी वहीत तिसरा रकाना आखला. मुक्ता पंधरा, जिलबी सात, हे साडेचार. अजून पस्तीस दिवस आहेत.